सूर्यास्ताची किनारा-डाइव्ह: अनुभवी मंडळींबरोबर पहिल्यांदा उतरताना

प्रश्न थोडक्यात असा: स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं, कार्ड मिळालं. एकूण डाइव्ह १४, शेवटची सात महिन्यांपूर्वी. आता मुक्काम कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ. कामावरच्या तिघा अनुभवी डायव्हरांनी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माँटेरीच्या सॅन कार्लोस बीचवरून सूर्यास्ताला पाण्यात उतरायचं ठरवलंय आणि ‘तूही चल’ म्हणाले. रात्रीची डाइव्ह कधी केलेली नाही. जावं का, आणि गेलं तर तयारी काय?

जा. फक्त त्या शनिवारची संध्याकाळ ही तुमची माँटेरीतली पहिली डाइव्ह असता कामा नये.

अंधाराची भीती सगळ्यांना वाटते, पण तुमची खरी अडचण अंधाराची नाही. अंदमानात पाणी २८-२९ अंश असतं, अंगात ३ मिलिमीटरचा सूट किंवा नुसता रॅशगार्ड, कमरेला तीन-चार किलो वजन आणि उतरायला होडी. माँटेरीत पाणी १० ते १४ अंश, अंगात ७ मिलिमीटरचा सूट, डोक्याला हूड, हातात जाड मोजे, कमरेला दहा-अकरा किलो, आणि हे सगळं घेऊन लाटांतून चालत आत जायचं. वर केल्प या समुद्री शेवाळाचं रान. यातली एकेक गोष्ट नवख्याला सहज जमते. सगळ्या एकाच वेळी नव्या असतील तर डोकं त्यातच गुंतून जातं, आणि दाबमापकाकडे, जोडीदाराकडे, दिशेकडे बघायला काही उरत नाही. म्हणून आधीच्या आठवड्यात त्याच किनाऱ्यावर, त्याच भाड्याच्या सामानानिशी, जमलं तर त्याच जोडीदाराबरोबर दिवसाउजेडी एक डाइव्ह करा. मग शनिवारी नवा असेल तो फक्त अंधार. सात महिन्यांचा खंड आहे, तेव्हा त्याच्याही आधी तलावात तासभर मास्क काढून घालणं, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) शोधून तोंडात घेणं, ऑक्टोवर (जोडीदारासाठीच्या जादा रेग्युलेटरवर) श्वास घेणं हे घासून घ्या. ‘सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी’ असंही लोक करतात. थंड पाण्याची सवय नसताना सकाळच्याच डाइव्हने अंगातली ताकद जाते, म्हणून तो मार्ग दुय्यम समजावा.

कार्डाबद्दल दोन शब्द. पाडी या प्रशिक्षण संस्थेचा नाइट डायव्हर कोर्स तीन डाइव्हचा असतो आणि ओपन वॉटरनंतर लगेच करता येतो; ॲडव्हान्स्ड कोर्समध्येही रात्रीची एक डाइव्ह निवडता येते. त्याच्याशिवाय समुद्र तुम्हाला अडवत नाही, पण एक फरक ध्यानात असू द्या: ते तिघे अनुभवी आहेत, प्रशिक्षक नाहीत. पाचशे डाइव्ह झालेला माणूस स्वतःला उत्तम सांभाळतो. दुसऱ्याला सांभाळायची त्याला सवय असेलच असं नाही. (हे वाचून मालवण-तारकर्लीला ‘स्कूबा केलेल्या’ कुणाला हुरूप आला असेल, तर त्यांच्यासाठी: प्रशिक्षकाने टाकी धरून वीस मिनिटं फिरवून आणणं ही छान ओळख असते, प्रशिक्षण नव्हे. त्या भांडवलावर इथे उतरू नये.)

आता जागेविषयी. सॅन कार्लोस बीच म्हणजे कॅनरी रो या रस्त्याच्या टोकाचा छोटा वाळूचा किनारा. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला कोस्ट गार्डच्या धक्क्याचा दगडी बांध खोल पाण्यात गेलेला दिसतो; डायव्हर या सगळ्या जागेला ‘ब्रेकवॉटर’ म्हणतात. वाहनतळ, स्वच्छतागृह, अंग धुवायला शॉवर, सगळं शंभर पावलांत. बांधाच्या पायथ्याशी खोली तीन-चार मीटरपासून हळूहळू वाढत टोकाकडे अठराच्या आसपास जाते. बांधाच्या टोकावर सी लायनची वसाहत असते, त्यांचं भुंकणं वाहनतळावरही ऐकू येतं. उघड्या समुद्रावरच्या बऱ्याच लाटा मॉंटेरी द्वीपकल्पाच्या आडोशामुळे इथवर येत नाहीत, म्हणून शिकाऊ मंडळींचे वर्ग इथेच भरतात.

अनुभवी लोकांना इथे बहुधा मेट्रिडियमच्या मैदानात जायचं असतं. वाळूतल्या खडकांवर हात-हातभर उंचीची पांढरी समुद्रफुलं दाटीने उभी असतात, रात्री टॉर्चच्या उजेडात ती दुधी झुंबरांसारखी दिसतात. जागा सुंदरच आहे, पण ती सुमारे पंधरा मीटर खोल आहे, आणि तिथवर वाळूच्या उघड्या तळावरून होकायंत्राच्या भरवशावर पोहत जावं लागतं. पहिल्या रात्री हे नको. तुमच्यासाठी बांध. जाताना बांध उजव्या हाताला, येताना डाव्या हाताला. वाट चुकायला जागाच नाही. खोली नऊ मीटर, म्हणजे ३० फूट, त्याहून जास्त नाही. वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं. आणि टोकापर्यंत जायचं नाही: तिथे सी लायनचे दांडगे नर असतात, पलीकडे बंदरात जाणाऱ्या होड्यांची वाट. या बेतावर त्यांच्यातला कुणी नाक मुरडत असेल तर त्यांनी मैदानात जावं, तुम्ही नुसते काठावर बसून थर्मास सांभाळा. मन मोडेल, बाकी काही मोडणार नाही.

थंडीच्या सामानात तीन गोष्टी नवख्याला फसवतात. पहिली, फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख. अंदमानात वापरलेले पाऊलभर बंद फिन्स इथे निरुपयोगी. बूट घालून वर चढतील असे मागून पट्ट्याचे लागतात, आणि ते भाड्याने घेताना बूट घालूनच मापून घ्यायचे. दुसरी, हूड. हूडची कड मास्कच्या रबराखाली अडकली की मास्क सतत गळतो. कपाळावरून आणि गालांवरून कड बोटाने मागे सारून मगच मास्क बसवा. पाण्यात शिरल्यावर हूडची कड कानाजवळ जरा ओढून आत पाणी येऊ द्या. ते केलं नाही तर एका कानात गार पाणी आधी शिरतं आणि दुसऱ्यात नंतर. त्या फरकाने काही सेकंद सगळं गरगरतं. ही भोवळ आपोआप जाते, पण काळोखात ती आली तर माणूस घाबरतो. शिवाय हूडमध्ये हवा कोंडली तर कान मोकळे करणंही जड जातं. तिसरी, मोजे. पाच मिलिमीटरच्या मोज्यांतून बीसीडीची (तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जाकिटाची) हवा भरायची आणि सोडायची बटणं वेगळी ओळखू येत नाहीत. घरी सगळं अंगावर चढवून, डोळे मिटून, ही पाच ठिकाणं शोधा: हवा भरायचं बटण, सोडायचं बटण, ऑक्टो, वजन सोडायची पकड, दुसरा टॉर्च. डोळे मिटून दहापैकी दहा वेळा हात बरोबर पडेपर्यंत.

चेहऱ्याला थंड पाणी लागलं की पहिले काही श्वास आपोआप उथळ आणि जोरात येतात. हे शरीराचं काम आहे, तुमची चूक नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रेग्युलेटर तोंडात ठेवून तोंड पाण्यात बुडवा आणि मिनिटभर तसेच श्वास घ्या. लय बसली की मगच पुढे.

वजनाचा हिशेब नीट करायला हवा, कारण रात्रीच्या डाइव्हमधल्या बऱ्याच गडबडींचं मूळ तिथेच असतं. ७५ किलोच्या माणसाला ७ मिलिमीटरचा सूट, हूड, ॲल्युमिनियमची ८० ची (८० घनफुटी) टाकी आणि खारं पाणी असेल तर साधारण शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा अधिक तीन किलो, म्हणजे दहा-अकरा किलोपासून सुरुवात करावी. इथली वजनं पौंडांत असतात, तेव्हा २४ पौंड. टाकी पोलादी मिळाली तर दोन-तीन किलो कमी लागतं. भाड्याने घेताना विचारा. नेमका आकडा दिवसाच्या डाइव्हच्या शेवटी काढायचा: टाकीत ५०० पीएसआय (हवेच्या दाबाचं इथलं एकक) उरलेले, बीसीडी पूर्ण रिकामी, साधा श्वास घेऊन उभं राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेशी आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूच बुडायला झालं पाहिजे. हे भरल्या टाकीवर करून बघितलं तर अडीच किलो जास्त घ्यावं लागतं, कारण ८० च्या टाकीतली हवाच तेवढ्या वजनाची असते आणि डाइव्ह संपताना ती गेलेली असते.

वजन कमी पडलं तर काय होतं ते सांगतो. नऊ मीटरवर दाबाने सूट चेपतो, त्याचा तरंगपणा निम्म्याच्या आसपास उतरतो, तुम्ही बीसीडीत हवा भरता, सगळं ठीक वाटतं. परतताना खोली कमी होते, सूट पुन्हा फुगतो, बीसीडीतली हवाही फुगते, टाकी हलकी झालेली. शेवटच्या पाच मीटरमध्ये हे तिन्ही एकत्र येतात. दिवसा वर जायला लागलोय हे डोळ्यांना लगेच कळतं. रात्री कळत नाही, आणि कळेपर्यंत डोकं पाण्याबाहेर असतं. म्हणून परतीच्या वाटेवर दर मीटर-दोन मीटर खोली कमी झाली की थोडी हवा सोडायची, फुगल्यावर नव्हे, फुगायच्या आधी. उलट वजन फार जास्त असेल तर तुम्ही तळावर घासत जाता, गाळ उडतो आणि टॉर्चच्या उजेडात समोर पांढरी भिंत उभी राहते.

एककांचा घोळही आधीच मिटवा. भारतात तुम्ही बार आणि मीटर शिकलात, इथले मापक पीएसआय आणि फूट दाखवतात. ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ बार, १००० म्हणजे ७०, ७०० म्हणजे ५० ला जरा कमी, ५०० म्हणजे ३५. ३३ फूट म्हणजे दहा मीटर. अंधारात मनातल्या मनात भागाकार करायची पाळी येऊ नये. मोज्याच्या पाठीवर किंवा पाण्यातल्या पाटीवर हे आकडे लिहून घ्या.

हवेचा बेत तिसऱ्या हिश्श्याने करा: ३००० ला सुरुवात, २००० ला माघार, १००० ला किनारा. हे आकडे नुसते सोयीचे नाहीत, त्यांच्यामागे हिशेब आहे. ८० च्या टाकीत साधारण २३०० लिटर हवा असते. नवा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २२ लिटर वापरतो असं धरा; नऊ मीटरवर दाब १.९ पट, म्हणजे ४२ लिटर. एक तृतीयांश टाकी, सुमारे ७६५ लिटर, अठरा मिनिटं पुरते. अठरा मिनिटं जाणं, अठरा येणं, पस्तीस-चाळीसचा बेत बसला. पण थंडी आणि धाकधूक मिळून वापर सहज ३० लिटरवर जातो. मग तीच तृतीयांश टाकी तेरा-चौदा मिनिटांत संपते. म्हणून माघार घड्याळावर नाही, दाबावर ठरवायची, आणि जो आधी २००० ला येईल त्याच्यावर सगळ्यांची. तो बहुतेक तुम्हीच असाल. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. ओशाळून २००० ऐवजी १७०० ला खूण करणारा नवखा मात्र सगळ्यांना अडचणीत टाकतो. आणि राखीव १००० कशाला एवढे? दोन धास्तावलेली माणसं एका टाकीवर असली तर नऊ मीटरवर मिनिटाला ११४ लिटर जातात. म्हणजे सहा-सात मिनिटं. तेवढ्यात वर यायचं, थांबायचं आणि वर केल्प असेल तर त्याच्या खालून बाहेर पडायचं.

केल्पबद्दल इथेच सांगून टाकतो. हा तपकिरी शेवाळाचा वेल तळापासून वाढत वर येतो आणि पृष्ठभागावर गालिच्यासारखा पसरतो. ब्रेकवॉटरला तो काही वर्षं दाट असतो, काही वर्षं विरळ. खालून त्याच्या दांड्यांमधून पोहत जाणं सोपं असतं. वरून त्यातून जाणं म्हणजे घाम. हवा संपवून केल्पच्या मधोमध वर आलेला माणूस ही इथली ठरलेली फजिती. पायात किंवा टाकीच्या नळीत वेल अडकला तर ओढू नका, वळूही नका. वळलं की तो अंगाभोवती गुंडाळला जातो. थांबायचं, मागे हात घालून दांडी पकडायची आणि पेन्सिलीसारखी कडाड वाकवायची, लगेच तुटते. ओढून तुटत नाही. वरून जायचीच वेळ आली तर पोटावर पडून, हातांनी वेल दाबत, सरपटत पुढे सरकायचं. बांधाच्या दगडांशी मात्र वेगळा ताप असतो: गळाची तुटलेली तंगूस. ती टॉर्चमध्येही नीट दिसत नाही आणि वाकवून तुटत नाही. तिच्यासाठी छातीशी, दोन्ही हातांना पोचेल अशी छोटी कात्री किंवा दोरकाप्या हवा. पोटरीला बांधायचा मोठा सुरा नको, तोच आधी केल्पमध्ये अडकतो.

टॉर्च दोन, आणि जोडीला टाकीच्या मानेला एक छोटा रंगीत दिवा. मुख्य टॉर्च साधारण ८०० ते १२०० ल्यूमेनचा आणि अरुंद झोताचा. पसरट झोताचा टॉर्च फोटोला चांगला. इथल्या पाण्यात दृश्यता तीन मीटरवर आली की तरंगत्या कणांवरून त्याचा उजेड परत डोळ्यांत येतो, धुक्यात गाडीचा वरचा झोत लावल्यासारखा. टॉर्च डोळ्यांच्या रेषेपासून लांब, कमरेच्या उंचीवर धरला तरी हा त्रास बराच कमी होतो. दुसरा टॉर्च लहान चालेल, पण तो खिशात खोल नको, छातीवर अडकवलेला हवा. बॅटरी त्याच दिवशी पूर्ण भरायची, झाकणाच्या ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते बघायचं, आणि वाहनतळावरच टॉर्च लावून पाण्यात शिरायचं. बऱ्याच टॉर्चच्या बटणांशी मोज्यातल्या बोटांनी खेळत बसणं हाच मुळात उपद्व्याप. मुख्य टॉर्च गेला तर दुसरा लावा, जोडीदाराला खूण करा आणि परत फिरा. ‘आणखी एक टॉर्च आहे की’ म्हणून पुढे जायचं नाही. आता तो शेवटचा आहे.

खुणा किनाऱ्यावरच ठरवून घ्या, कारण मंडळींच्या सवयी निरनिराळ्या असतात. सर्वसाधारणपणे तळावर झोताने सावकाश वर्तुळ म्हणजे ‘ठीक’, उत्तरही तसंच. झोत सावकाश आडवा हलवला तर ‘इकडे बघ’. भराभर हलवला तर ‘अडचण आहे, लगेच ये’. यामुळेच नवख्याने एक सवय आधी मोडावी लागते: उत्साहात टॉर्च इकडेतिकडे फिरवणं. तुमचा झोत सैरावैरा नाचत राहिला तर जोडीदार दर मिनिटाला दचकतो आणि खरी वेळ येते तेव्हा दुर्लक्ष करतो. हाताच्या खुणा करताना झोत आपल्या हातावर टाकायचा. समोरच्याच्या तोंडावर कधीच नाही. पुढची दोन-तीन मिनिटं त्याला काही दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते सामानात नाही. तीन अनुभवी आणि एक नवखा अशी चौकडी पाण्यात गेली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी त्याच्याकडे बघतोय. अंधारात चार दिव्यांतला तुमचा कुठला हेही कळत नाही. चौघे एकत्र जाऊ नका. दोन जोड्या करा आणि तुमचा जोडीदार एकच माणूस, नावानिशी, आधीपासून ठरलेला असू दे. त्या संध्याकाळी त्याच्या हातात कॅमेरा नको. तुमच्याही हातात नको, हे सांगायची गरज पडू नये. दोघांनी शेजारी-शेजारी पोहायचं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, म्हणजे त्याचा झोत सतत तुमच्या नजरेच्या कडेला राहतो. तो पुढे आणि तुम्ही मागे असं झालं की तुम्ही हरवल्याचं त्याला पाच मिनिटांनी कळतं.

शनिवारच्या आत त्या जोडीदाराला हे आकडे स्वतःहून सांगा: किती डाइव्ह, शेवटची कधी, थंड पाण्यात किती, दिवसाच्या डाइव्हला हवा किती वेळात किती गेली. ‘जमेल मला’ हे उत्तर आकड्यांच्या जागी चालत नाही. आणि त्याला विचारा: जास्तीत जास्त खोली किती, माघारीचा दाब किती, हरवलो तर काय, किनाऱ्यावर कोण थांबणार, ऑक्सिजनचा संच गाडीत आहे का. यांतल्या दोन प्रश्नांना ‘बघू तिथे’ असं उत्तर आलं तर मंडळी कितीही मुरलेली असोत, बेत कच्चा आहे. बेत मागे घेण्याचा हक्क चौघांनाही सारखा, कुठल्याही क्षणी, कारण न देता. अंगठा वर झाला की डाइव्ह संपली. पाण्यात त्यावर चर्चा नसते.

ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पंचवीसेक मिनिटं संधिप्रकाश टिकतो. सहा वाजून दहा मिनिटांनी पाण्यात शिरा. लाटा दिसत असताना आत जाणं, तळ दिसत असताना वजन जुळवणं, आणि अंधार हळूहळू अंगावर येणं, नवख्याला हे फार सोपं जातं. म्हणून त्यांनी आठचा बेत आखला असेल तर तो सहावर आणायला सांगा. शिवाय हीच वेळ पाहण्यासारखी असते: दिवसपाळीचे मासे कपारीत शिरतात आणि रात्रपाळीची मंडळी बाहेर पडतात.

निघण्यापूर्वी घरूनच काब्रिलो पॉइंटच्या बोयाचे, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचे, आकडे बघा. एनओएए या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या यादीत तो ४६२४०. लाटांची उंची आणि दोन लाटांमधला काळ, दोन्ही बघायचे. पश्चिमेचा स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा, इथे बराच मोडून येतो, पण उत्तर-वायव्येकडून आलेला सरळ किनाऱ्यावर आपटतो, आणि पंधरा सेकंदांहून जास्त काळाचा लांब स्वेल आडोशालाही वळसा घालतो. किनाऱ्यावर पोचल्यावर सूट चढवायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा मोजा. मोठ्या लाटा चार-पाचच्या झुंडीने येतात, मग जरा उसंत मिळते. फुटणाऱ्या लाटा कमरेहून उंच दिसल्या तर तुमच्यासाठी त्या दिवशीचा बेत रद्द. ते तिघे खुशाल जातील.

आत जाताना मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा, एक हात मास्कवर. मास्क कपाळावर ठेवून लाटेत शिरलेल्याचा मास्क समुद्रालाच जातो. जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन फिन्स घोटाभर पाण्यात चढवा आणि पाय न उचलता, घासत, पाठीकडून आत जा. किंवा फिन्स हातात घेऊन छातीभर पाण्यात, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे चढवा. पद्धत कुठलीही चालेल, पण लाटा फुटतात त्या पट्ट्यात थांबायचं नाही. पडलात तर उठायची धडपड नको: आत निम्म्याहून जास्त गेला असाल तर पोहत सुटा, नाहीतर गुडघ्यांवर रांगत बाहेर या.

पृष्ठभागावर पोहत जाताना एकदा मागे वळून किनाऱ्यावरचे दोन दिवे हेरा, एक जवळचा, एक त्याच्या मागचा उंचावरचा. दोन्ही एका रेषेत दिसले की तुम्ही आपल्या वाटेसमोर आहात. होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा लावून ठेवा.

खाली जाताना मोकळ्या पाण्यातून उतरू नका. उथळ पाण्यात तळ गाठा आणि उतारावरून पुढे सरका, म्हणजे डोळ्यांना सतत काहीतरी धरायला राहतं. मधल्या काळ्या पाण्यात वर-खालीच कळेनासं होतं. तसं झालंच तर स्वतःचे बुडबुडे बघा, ते वरच जातात, आणि डाइव्ह-कॉम्प्युटरवर खोलीचा आकडा. वर यायचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत. सेफ्टी स्टॉपसाठी, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्यासाठी, अधांतरी लटकायचं कारण नाही. परतीच्या उतारावर पाच मीटरच्या पट्ट्यात तीन मिनिटं खेकडे बघत काढा, स्टॉप झाला.

जोडीदार दिसेनासा झाला तर आपला टॉर्च छातीशी दाबून झाका, मालवू नका. अंधारात त्याचा झोत चटकन दिसतो. सावकाश एक पूर्ण गिरकी, वर, खाली. एका मिनिटात दिसला नाही तर वर या, तोही येईल. रात्री दिवसापेक्षा लोक लवकर सापडतात, दोघांनाही हा नियम ठाऊक असेल तर.

हार्बर सील हा इथला खास पाहुणा. टॉर्चच्या उजेडात दिपलेला मासा पकडायला तो तुमच्या मागून येतो, खांद्यावरून झपकन जातो, मासा तोंडात. पहिल्यांदा छातीत धस्स होतंच. तो तुमच्यासाठी आलेला नसतो. एकाच माशावर झोत रोखून धरू नका, नाहीतर त्याची मेजवानी तुम्हीच वाढताय. सील आणि सी लायन यांना हात लावणं, पाठलाग करणं १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याने गुन्हा आहे. आणि हा किनारा २००७ पासून एडवर्ड रिकेट्स संरक्षित क्षेत्रात येतो, तेव्हा शिंपलासुद्धा उचलायचा नाही. बाकी दगडांच्या फटींत ऑक्टोपस, निखाऱ्यासारख्या चमकणाऱ्या डोळ्यांची कोळंबी, झोपलेले रॉकफिश हे सगळं बघण्यासाठी वेग एकदम कमी ठेवा. रात्री वीस मीटर बांध पुरतो. परतताना उथळात, जोडीदाराला सांगून, दोघांनी टॉर्च मिनिटभर छातीशी झाकले आणि हात पाण्यात फिरवला तर नशिबाने बोटांभोवती निळसर ठिणग्या उडतात.

कुडकुडायला लागलात तर दाब कितीही असो, माघार. कुडकुडणं सुरू झालं की हवा जास्त जाते, बोटं चालत नाहीत, आणि ते पाण्यात आपोआप थांबत नाही.

बाहेर येताना लाटेची पाठ पकडून या, तोवर रेग्युलेटर तोंडातच. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायची घाई नको. अकरा किलो वजन आणि दमलेले पाय, रांगत आलात तरी कुणी हसत नाही. गाडीजवळ पहिलं काम लोकरी टोपी, मग सूट, मग गरम चहा. वाइन-बियर घरी गेल्यावर. सॅन होजेपर्यंत सव्वा-दीड तासाची गाडी आहे आणि थंड पाण्यानंतर झोप अनावर होते, तेव्हा चालवणारा कोण हे आधी ठरवा. त्या रात्री सांधा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा अंगावर विचित्र चट्टे उठले तर ‘सूट घट्ट होता’ अशी समजूत घालू नका: ऑक्सिजन, ९११, आणि डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेची हेल्पलाइन. तिचा नंबर शनिवारी निघायच्या आधीच चौघांच्याही फोनमध्ये असू द्या.